काउंट्यांच्या सामाजिक सेवा आणि राज्याचा निधी : कॅलिफोर्नियाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात राहणारी मराठी कुटुंबे मालमत्ता कर भरतात, दुकानात विक्रीकर देतात आणि आईवडील थकल्यावर किंवा नोकरी गेल्यावर कधी ना कधी काउंटीच्या कार्यालयाची पायरीही चढतात. पण आपण भरलेला पैसा त्या कार्यालयापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो आणि शेजारच्या काउंटीला आपल्यापेक्षा जास्त किंवा कमी का मिळते, याची माहिती फारच थोड्यांना असते. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. जेथे मतभेदाला जागा आहे, तेथे आमचे मत आम्ही स्पष्टपणे नोंदवले आहे.

सामाजिक सेवा राज्य सरकार स्वतः का चालवत नाही? त्या काउंट्यांकडे कशा आल्या?

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ही कार्यालये राज्य सरकारच चालवते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ओहायो, मिनेसोटा, नॉर्थ कॅरोलायना, कोलोरॅडो, विस्कॉन्सिन अशा मोजक्या राज्यांत मात्र नियम केंद्र आणि राज्य ठरवते आणि अंमलबजावणी स्थानिक सरकारे करतात. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. गरीब कुटुंबांसाठीचे रोख साहाय्य (कॅलवर्क्स), अन्नसाहाय्य (कॅलफ्रेश), मेडी-कॅल या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याची पात्रता तपासणी, छळ किंवा दुर्लक्ष झालेल्या मुलांचे संरक्षण, फॉस्टर केअर (अशा मुलांची दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत सोय), वृद्धांचे संरक्षण आणि घरी येऊन केल्या जाणाऱ्या शुश्रूषेची मंजुरी ही सगळी कामे काउंटीचे कर्मचारी करतात.

याशिवाय राज्याच्या कल्याण संहितेतील कलम १७००० नुसार, ज्याला दुसरा कोणताही आधार नाही अशा प्रत्येक गरीब रहिवाशाला आधार देणे हे काउंटीचे कायदेशीर कर्तव्य आहे. या शेवटच्या आधाराचा सगळा खर्च काउंटीच सोसते. लॉस एंजेलिस काउंटीत एकट्या व्यक्तीला या योजनेतून महिन्याला २२१ डॉलर मिळत आले आहेत, आणि कित्येक दशके या रकमेत वाढ झालेली नाही. त्या शहरात २२१ डॉलरमध्ये महिनाभर राहायला खोलीचा एक कोपराही मिळणार नाही. जी जबाबदारी कायद्याने दिली पण जिच्यासाठी राज्याने पैसा दिला नाही, तिचे काय होते हे या एका आकड्यात दिसते.

मग पैसा येतो तरी कोठून?

केंद्र, राज्य आणि काउंटी या तिघांकडून. मात्र प्रत्येक योजनेचे वाटप वेगळे आहे आणि सामान्य माणसाचा गोंधळ येथेच होतो. कॅलफ्रेशच्या कार्डावर जमा होणारी रक्कम आतापर्यंत पूर्णपणे केंद्राची असे. पण अर्ज तपासणारे कर्मचारी, कार्यालयाचे भाडे आणि संगणक यांचा खर्च केंद्र ५० टक्के, राज्य ३५ टक्के आणि काउंटी १५ टक्के असा विभागला जातो. घरच्या शुश्रूषेचे प्रमाण वेगळे, फॉस्टर केअरचे वेगळे. काउंटी ‘आपला’ म्हणून जो वाटा देते, त्यातलाही मोठा भाग प्रत्यक्षात राज्याने विशिष्ट करांतून नेमून दिलेला असतो. त्यामुळे एखाद्या योजनेत काउंटीचा वाटा मोठा दिसला, तरी तो पैसा खर्च कसा करायचा हे ठरवण्याची मोकळीक तिला तेवढीच असते असे समजू नये.

गरज वाढली तर काउंटी मालमत्ता कर का वाढवत नाही?

तसे करणे तिच्या हातात नाही. जून १९७८ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या प्रस्ताव १३ ने मालमत्ता कराचा मूळ दर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला आणि घर विकले जात नाही तोवर करपात्र मूल्यात वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास मनाई केली. त्यानंतर या एक टक्क्यातून काउंटीला किती, शहराला किती आणि शाळांना किती द्यायचे, हे राज्य विधिमंडळ ठरवू लागले. १९७९ च्या कायद्याने हे वाटे सत्तरच्या दशकात ज्या प्रमाणात होते, जवळजवळ त्याच प्रमाणात गोठवले. त्या काळी ज्या काउंटीने कर कमी ठेवला, तिच्या वाट्याला आजही कमीच पैसा येतो; ऑरेंज काउंटी ही तक्रार वर्षानुवर्षे करत आली आहे. त्यावर १९९२ आणि १९९३ मध्ये, राज्य स्वतः तुटीत असताना, काउंट्यांच्या मालमत्ता कराचा काही भाग शाळांकडे वळवण्यात आला. राज्याची शाळांबाबतची जबाबदारी तेवढी हलकी झाली, पण काउंट्यांच्या जबाबदाऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

‘रिअलाइनमेंट’ हा शब्द सारखा कानावर येतो. तो काय प्रकार आहे?

राज्याने काही योजनांची जबाबदारी आणि त्यासोबत काही करांचे उत्पन्न काउंट्यांकडे सोपवणे, हा त्याचा अर्थ. याची चुणूक १९८२ मध्येच दिसली होती. ज्या गरीब प्रौढांच्या उपचारांचा खर्च तोवर राज्य करत होते, त्यांना राज्याने काउंट्यांच्या हवाली केले आणि आपण करत होतो त्या खर्चाच्या साधारण ७० टक्केच रक्कम सोबत दिली.

मोठा बदल १९९१ मध्ये झाला. गव्हर्नर पीट विल्सन यांच्यासमोर सुमारे १,४०० कोटी डॉलरची तूट होती. विक्रीकरात अर्ध्या सेंटची वाढ आणि वाहन परवाना शुल्कात वाढ करून तो पैसा काउंट्यांसाठी राखून ठेवण्यात आला. बदल्यात आरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामाजिक सेवांचा मोठा भार काउंट्यांवर टाकण्यात आला. फॉस्टर केअरमध्ये केंद्राचा हिस्सा वगळून उरणाऱ्या खर्चात काउंटीचा वाटा तोपर्यंत ५ टक्के होता, तो एकदम ६० टक्के झाला. घरच्या शुश्रूषेत तो ३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेला. उलट, गरीब कुटुंबांच्या रोख साहाय्यातील वाटा ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

या रचनेत चांगलेही काही होते, हे मान्य केले पाहिजे. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी राज्यापुढे हात पसरण्याऐवजी काउंट्यांना एक निश्चित उत्पन्न मिळाले आणि ते राज्यभर एकत्र करून वाटले जात असल्याने, जिच्या हद्दीत मोठी बाजारपेठ नाही अशा काउंटीलाही त्यातला वाटा मिळाला.

मग अन्याय नेमका कोठे होतो?

तीन ठिकाणी, आणि ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिला अन्याय जुन्या पायाचा. १९९१ मध्ये प्रत्येक काउंटीचा वाटा ठरवताना ती तोवर किती खर्च करत होती हे पाहिले गेले. तिथल्या गरजूंची संख्या हा मुख्य निकष नव्हता. ज्या काउंटीने आधी उदारपणे खर्च केला होता तिचा पाया मोठा राहिला, जिने हात आखडता घेतला होता तिचा लहान. त्यानंतर माणसे मात्र स्थलांतर करत राहिली. १९९० च्या जनगणनेत रिव्हरसाइड काउंटीची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७० हजार होती. २०२० मध्ये ती २४ लाख १८ हजारांवर गेली. याच तीस वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोची लोकसंख्या सुमारे ७ लाख २४ हजारांवरून ८ लाख ७४ हजारांपर्यंतच वाढली. किनाऱ्यावरची घरभाडी न परवडणारी कुटुंबे आतल्या भागात गेली, पण आरोग्य आणि मानसिक आरोग्याचा पैसा बव्हंशी जुन्या प्रमाणातच वाटला जात राहिला. ही तफावत कमी करण्यासाठी मूळ कायद्यात तरतूद होती. मात्र ती वाढीव उत्पन्नावर अवलंबून होती, आणि वाढीव उत्पन्नावर पहिला हक्क दुसऱ्याच खात्याचा होता.

दुसरा अन्याय येथूनच सुरू होतो. विक्रीकरातून मिळणाऱ्या वाढीव उत्पन्नाचा पहिला घास सामाजिक सेवांच्या वाढत्या प्रकरणांना मिळतो, आणि त्यातही घरच्या शुश्रूषेला फार मोठा. राज्यातील वृद्धांची संख्या वाढत असल्याने हा खर्च वाढणे स्वाभाविक आहे. पण तो भागवून झाल्यावर आरोग्य आणि मानसिक आरोग्यासाठी अनेक वर्षे फारसे काही उरले नाही. म्हणजे एका गरजूचा प्रश्न सोडवायला दुसऱ्या गरजूच्या ताटातले काढून घेतले गेले, आणि हे भांडण काउंटीच्या दारात लागले, राज्याच्या नाही. आमच्या मते या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत दुःखद गोष्ट हीच आहे.

तिसरा अन्याय वेळेचा. मंदी आली की लोक खरेदी कमी करतात, विक्रीकर घटतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत काउंटीच्या कार्यालयासमोर रांग लांबते. २००८ नंतरच्या मंदीत हेच झाले. वाढलेल्या प्रकरणांची भरपाईही वर्ष उलटल्यानंतर मिळते आणि तेव्हा उत्पन्न पुरेसे नसेल, तर थकबाकी पुढे ढकलली जाते. राज्य सरकारकडे राखीव निधी असू शकतो; लहान काउंटीला मात्र कर्मचारी कमी करण्याशिवाय गत्यंतर नसते.

घरच्या शुश्रूषेच्या योजनेबद्दल इतका वाद का आहे?

कारण या योजनेत निर्णय एकाचे आणि बिल दुसऱ्याचे अशी स्थिती आहे. सहा लाखांहून अधिक वृद्ध आणि अपंग व्यक्ती या योजनेच्या आधारावर आपल्या घरी राहू शकतात. काउंटीची समाजसेविका घरी येते. आजींना खुर्चीतून स्वतःचे स्वतः उठता येते का, अंघोळीला हात धरावा लागतो का, औषधे लक्षात राहतात का, हे ती विचारते आणि पाहते. प्रत्येक कामाला एक ते पाच अशी श्रेणी लावली जाते आणि राज्याने ठरवून दिलेल्या वेळेच्या मर्यादेत बसवून आठवड्याचे तास मंजूर होतात. महिन्याला जास्तीत जास्त २८३ तास मिळू शकतात. सेवा करणारी व्यक्ती बहुधा घरातलीच असते. मुलगी किंवा सून नोकरीचे तास कमी करून हे काम करते आणि तिला त्याचे वेतन मिळते.

पात्रता, श्रेणी, तासांचे नियम आणि किमान वेतन हे सारे राज्य ठरवते. काउंटीच्या हातात उरते ते मुख्यतः सेविकांच्या संघटनेशी वेतनाची बोलणी करणे. असे असूनही १९९१ नंतर बिगर-केंद्रीय खर्चाचा ३५ टक्के वाटा काउंटीवर आला. २०१२ मध्ये राज्याने काउंट्यांचा वाटा एका ठरावीक रकमेशी बांधला, तेव्हा काउंट्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण २०१७ मध्ये ती व्यवस्था राज्यानेच मोडली आणि काउंट्यांच्या एकूण वाट्याची नवी आधाररक्कम सुमारे १७७ कोटी डॉलर ठरवली. हा भार पेलणारा नाही हे दोनच वर्षांत स्पष्ट झाले. २०१९ मध्ये ही आधाररक्कम सुमारे १५६ कोटी डॉलरवर आणून त्यात दरवर्षी ४ टक्के वाढ धरण्यात आली. तीच पद्धत सध्या चालू आहे आणि आधीच्या दोन्हींपेक्षा ती अधिक न्याय्य आहे, कारण पुढच्या वर्षी किती पैसे लागतील हे काउंटीला निदान आधी कळते.

राज्याने सगळाच खर्च उचलला, तर काउंट्या उधळपट्टी करणार नाहीत का?

हा प्रश्न रास्त आहे. काउंटीने थोडा तरी वाटा सोसलाच पाहिजे, असे म्हणणाऱ्यांच्या मागे एक तर्क आहे : ज्याच्या निर्णयाने खर्च कमी-जास्त होतो, त्याच्या खिशाला झळ बसली तर तो विचार करून खर्च करतो. फॉस्टर केअरमध्ये हा तर्क काही अंशी लागू पडतो. मुलाला घरातून काढायचे, की कुटुंबाला आधार देऊन मूल घरीच सुरक्षित ठेवायचे, यात काउंटीच्या कामाचा दर्जा नक्कीच मोजला जातो. परंतु जेथे काउंटीला नियम बदलता येत नाहीत, अर्ज नाकारता येत नाही आणि लोकसंख्येचे वय तर मुळीच कमी करता येत नाही, तेथे तिच्यावर खर्चाचा वाटा लादून काटकसर साधत नाही. तेथे फक्त गरीब काउंटी अधिक गरीब होते. वाटा नियंत्रणाच्या प्रमाणात असावा, हे तत्त्व राज्याच्या वैधानिक विश्लेषक कार्यालयानेही मांडले आहे. आम्हाला ते पूर्णपणे पटते.

२०११ च्या रिअलाइनमेंटने हे दोष दूर झाले का?

काही अंशी झाले. गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या काळात विक्रीकरातील १.०६२५ टक्का आणि वाहन शुल्काचा काही भाग काउंट्यांना देऊन सुमारे ६०० कोटी डॉलरच्या योजना त्यांच्याकडे सोपवण्यात आल्या. त्यांत बालसंरक्षण, फॉस्टर केअर, वृद्धांचे संरक्षण, मानसिक आरोग्य आणि गुन्हेगारी न्यायाचा मोठा भाग होता. या वेळी काउंट्या शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी संविधानातच संरक्षण मागितले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रस्ताव ३० संमत होऊन ते मिळाले. त्यानंतर राज्याने नवा कायदा करून या योजनांचा खर्च वाढवला, तर त्या वाढीसाठी राज्याने पैसा द्यायचा. पैसा दिला नाही तर तेवढ्यापुरता तो कायदा काउंटीवर बंधनकारक नाही. मुलांना समूहगृहांऐवजी कुटुंबांत ठेवण्याचा २०१५ चा कायदा आला, तेव्हा या कलमाचे महत्त्व दिसून आले. मात्र मंदीत विक्रीकर घटण्याचा दोष येथेही तसाच राहिला आहे.

लहान काउंट्यांचे काय?

लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी लोक राहतात; सिएरा पर्वतातील अल्पाइन काउंटीत सुमारे बाराशे. डोईमागे निधी वाटला, तर अल्पाइनला एका कर्मचाऱ्याचा पगारही नीट निघणार नाही. पण मार्कलीव्हिल गावात मध्यरात्री एखाद्या मुलाला धोका असल्याचा फोन आला, तर तेथे जाणारा प्रशिक्षित माणूस त्या काउंटीला ठेवावाच लागतो. म्हणून अशा काउंट्यांना किमान रकमेची हमी देणे हा न्यायाचाच भाग आहे. डोईमागे हिशोब काढला की हा निधी अवाजवी वाटतो, पण तो तसा नाही.

आमची काउंटी श्रीमंत आहे. आम्हाला याची चिंता का असावी?

सांता क्लारा काउंटीत, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीत, मराठी वस्ती मोठी आहे. केंद्राच्या कपातीमुळे सार्वजनिक रुग्णालयांना खिंडार पडेल हे दिसताच नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील मतदारांनी पाच वर्षांसाठी पाच-अष्टमांश सेंटचा जादा विक्रीकर स्वतःवर लावून घेतला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मेक्सिकोच्या सीमेवरील इम्पीरियल काउंटीत, जेथे सुमारे १ लाख ८० हजार लोक राहतात आणि शेतमजुरी हे अनेकांच्या उपजीविकेचे साधन आहे, तेथे तेवढ्याच दराने कर लावला तरी हाती येणारी रक्कम फारच तुटपुंजी असेल. स्थानिक करावर भिस्त ठेवली की जेथे गरज कमी तेथे पैसा जास्त, असे उलटे गणित होते. आपल्या सॅलडमधली पाने इम्पीरियलच्या शेतातून येतात. ती तोडणाऱ्या हातांना म्हातारपणी कोण सांभाळते, हा प्रश्न आपलाही आहे.

इतर राज्यांनी काही वेगळे केले आहे का?

नॉर्थ डकोटाने सर्वांत धाडसी पाऊल टाकले. तेथे काउंट्यांच्या सामाजिक सेवांचा खर्च राज्याने आधी प्रयोग म्हणून स्वतःकडे घेतला. २०१९ च्या कायद्याने ते कायम केले आणि काउंट्यांचे मानवी सेवा विभाग बनवले. मालमत्ता करावरचा तो भार गेला. न्यूयॉर्कमध्ये उलट चित्र होते; तेथे मेडिकेडचा (गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) वाटा काउंट्या देत आल्या आहेत आणि तो वाढता वाढता त्यांच्या मालमत्ता कराचा मोठा हिस्सा गिळू लागला, तेव्हा राज्याने २००५ मध्ये वाढीवर मर्यादा घातली आणि पुढे ती वाढ टप्प्याटप्प्याने स्वतःकडे घेतली. तेथील एकट्या गरिबांच्या रोख साहाय्यात मात्र २०११ पासून ७१ टक्के खर्च स्थानिक सरकारवर आहे.

महाराष्ट्रातील अनुशेषाशी याची तुलना करता येते का?

मर्यादित अर्थाने येते. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये जिल्हावार अनुशेष मोजला, तो राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे आहे या कसोटीवर. मागे राहिलेल्यांना आधी, हा विचार कॅलिफोर्नियाच्या सूत्रांत फार क्षीण आहे आणि तो यायला हवा असे आम्हाला वाटते. परंतु आपली जिल्हा परिषद मुख्यतः राज्याच्या अनुदानावर चालते, तर काउंटीला स्वतःचे करही आहेत आणि कायद्याने लादलेली कर्तव्येही. त्यामुळे तुलना येथेच थांबवलेली बरी.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने काय बदलणार आहे?

४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्यानुसार अन्नसाहाय्याच्या प्रशासकीय खर्चातला केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०२६ पासून ५० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर येईल. उरलेल्या ७५ टक्क्यांसाठी राज्य आणि काउंटीचे जुनेच ७०:३० प्रमाण लावले, तर काउंटीचा वाटा १५ टक्क्यांवरून साडेबावीस टक्के होईल. ऑक्टोबर २०२७ पासून, ज्या राज्यांत रक्कम चुकीची दिली जाण्याचे प्रमाण ६ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना साहाय्याच्या रकमेतलाही ५ ते १५ टक्के भाग उचलावा लागेल. कॅलिफोर्नियात हे प्रमाण अलीकडे दहा टक्क्यांहून अधिक नोंदले गेले आहे.

यातली पुष्कळशी चूक म्हणजे फसवणूक नव्हे. आठवड्याला तास बदलणारी नोकरी, उशिरा पोहोचलेली वेतनपावती, बदललेले घरभाडे अशा कारणांनी हिशोब चुकतो, आणि एकेका कर्मचाऱ्याकडे प्रकरणांचा ढीग असला की तो अधिक चुकतो. त्यातच २०२७ पासून मेडी-कॅलच्या अनेक प्रौढ लाभार्थ्यांची पात्रता वर्षातून दोनदा तपासावी लागणार आहे. कर्मचारी कमी करून चुका कमी होत नाहीत. राज्याने हा जादा भार काउंट्यांवर ढकलला, तर १९९१ ची पुनरावृत्ती होईल, आणि या वेळी सोबत नवा करही नसेल.

सामान्य रहिवाशाने आपले म्हणणे कोठे आणि केव्हा मांडावे?

गव्हर्नर १० जानेवारीपर्यंत अर्थसंकल्पाचा प्रस्ताव मांडतात, मेच्या मध्यापर्यंत त्यात सुधारणा करतात आणि विधिमंडळाने तो १५ जूनपर्यंत संमत करायचा असतो. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. विधिमंडळाच्या अर्थसंकल्पीय उपसमित्यांची सुनावणी वसंत ऋतूत होते. काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाच्या बैठका खुल्या असतात आणि तेथे नागरिकांना बोलण्याचा कायदेशीर हक्क आहे. बोलायला दोन-तीन मिनिटेच मिळतात, म्हणून नेमके विचारावे : आमच्या काउंटीत एका कर्मचाऱ्याकडे किती प्रकरणे आहेत, रिअलाइनमेंटची किती थकबाकी राज्याकडून येणे आहे, आणि डोईमागे मानसिक आरोग्याचा आमचा निधी शेजारच्या काउंटीच्या तुलनेत किती आहे. उत्तर तेथेच मिळाले नाही, तर सार्वजनिक नोंदी मागण्याच्या राज्याच्या कायद्यानुसार तीच माहिती लेखी मागता येते. अशा मागणीला काउंटीने दहा दिवसांत निदान प्रतिसाद देणे बंधनकारक आहे.